माणूस शेवटी तपासायचा

दिवेभाऊंच्या काही सवयी.

कुणाच्याही घरी गेले की चपला भिंतीला लावून, तोंड दाराकडे करून ठेवत.

खुर्ची पुढे केली तरी खुर्चीवर बसत नसत. टेबलाखाली उकिडवे बसत. काम तिथेच असतं, म्हणत.

चहा विचारला की "आत्ताच झाला" म्हणत. झालेला नसे.

उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी वाढवलं होतं. हातात पक्कड असली तरी वायरचं वरचं कवच ते त्या नखाने चिरत.

यंत्राशी बोलत. "ऐक ना राजा" म्हणत. माणसांशी त्यापेक्षा कमी बोलत.

वायरचे कापलेले तुकडे शर्टाच्या खिशात टाकत. लोकांच्या फरशीवर काही पडू देत नसत. त्यामुळे धुण्याआधी वहिनींना त्यांचे खिसे उलटे करावे लागत.

खोकला आला की उठून जिन्यात जात. रुमालाची घडी घालून परत येत. ही सवय नंतरची.

फोन उचलला की "हॅलो" म्हणत नसत. "मागे दिवा लागतोय का?" असं विचारत. कॉम्प्युटरच्या पाठीमागे, जिथे इंटरनेटची वायर खोचतात, तिथे एक बारीक दिवा असतो. वायर जिवंत असली की तो लुकलुकतो. त्यावरून त्यांचं नाव दिवेभाऊ पडलं. वहिनी चिडल्या की म्हणत, "बाहेर हवे तेवढे दिवे लावा, घरातला नळ गळतोय."

माझी त्यांची ओळख अशाच एका दिव्यामुळे झाली.

मी साहित्यात पदवी घेतली आणि घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासू लागलो. त्यासाठी नवा कॉम्प्युटर घेतला. इंटरनेटची वायर भिंतीतून आली होती, ती मी मागे खोचली. पडद्यावर तारेचं चित्र आलं आणि त्यावर लाल फुली. इंटरनेटवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, आमच्याकडून सगळं ठीक आहे, तुमच्या मशीनचा प्रॉब्लेम असेल. दुकानात फोन केला. दुकानदार म्हणाले, मशीन कोरं करकरीत आहे, लाइनचाच घोळ असणार. मग दोघांनीही मला विचारलं की मी नेमकं काय केलं. त्या प्रश्नाचा सूर मला कळला. मी काहीतरी बिघडवलं असणार, असं त्यांना म्हणायचं होतं. दोन दिवसांत मलाही तसंच वाटू लागलं.

तिसऱ्या दिवशी दुकानाने माणूस पाठवला. मध्यम वयाचा, शिडशिडीत, खांद्याला पिशवी. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. आधी भिंतीतल्या डबीपाशी गेले. तिथे स्वतःचा जुना लॅपटॉप जोडून पाहिला. चाललं. मग माझी वायर काढून टेस्टरला लावली. टेस्टर म्हणजे आगपेटीएवढी दोन डबडी, वायरच्या दोन टोकांना लावायची. आतल्या आठ तारांचे आठ दिवे ओळीने लागत गेले. मग त्यांनी वायरचा प्लग नखाने दाबून पाहिला. मग मशीन. मशीनच्या मागच्या खोबणीत पारदर्शक प्लास्टिकची एक चकती बसवलेली होती, धूळ जाऊ नये म्हणून. नव्या मालावर असते. मी वायर तिच्यावरच रेटली होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते म्हणाले, "दिसतच नाही ती. कारखान्यातल्या लोकांनी लाल तरी करायची."

चकती काढली तरी फुली गेली नाही. मशीनमध्ये वायरीचा भाग चालवणारा प्रोग्राम, ज्याला ते ड्रायव्हर म्हणत, तोच भरलेला नव्हता. तो इंटरनेटवरून घ्यावा लागतो आणि इंटरनेट तर त्याच्याशिवाय चालत नाही. "किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप," ते म्हणाले आणि खिशातून पेन ड्राइव्ह काढला. अर्ध्या तासात फुली गेली. निघताना त्यांनी मला दोन्ही कारणं नीट समजावून सांगितली. कारण सापडलं की ते लपवायचं नाही, आपलं असो की गिऱ्हाइकाचं, असा त्यांचा दंडक होता.

मी विचारलं, तुम्ही आधी मला का नाही विचारलं?

"भिंत, वायर, प्लग, मशीन," ते बोटं मोजत म्हणाले. "माणूस शेवटी."

याचं कारण मला पुढे कळलं, मैत्री झाल्यावर. ते माझ्या गल्लीच्या मागच्याच बाजूला राहत. दोन खोल्या, वर पत्रा. मूलबाळ नव्हतं. वहिनी शिवणकाम करत. रविवारी मी जाऊ लागलो. मी पुस्तकांतल्या गोष्टी सांगायचो, ते घराघरांतल्या सांगायचे. त्यांच्या जास्त चांगल्या असत. मला ते पंडित म्हणत. "काय पंडित, आज कोण मेलं तुमच्या पुस्तकात?" असं विचारत. मी सांगायचो. वहिनी मशीन थांबवून ऐकायच्या आणि म्हणायच्या, जरा जगणाऱ्यांचंही वाचत जा.

तर ते कारण. या धंद्यात नवे असताना दिवेभाऊ एका घरी गेले होते. वायर टेबलाच्या आतल्या बाजूला तुटलेली. त्यांनी वरवर पाहिलं आणि सहज म्हणाले, कुणीतरी ओढलीय. घरातल्या बापाने उठून धाकट्या मुलीच्या कानफटात मारली. ती रडलीसुद्धा नाही. नंतर वायर बाहेर काढली तर दातांच्या खुणा होत्या. उंदराने कुरतडली होती. दिवेभाऊंनी बापाला तसं सांगितलं. बाप म्हणाला, असू दे, तिला शिस्त लागेल. तेव्हापासून त्यांनी क्रम ठरवला. भिंतीपासून सुरुवात करायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि बाकी सगळं निर्दोष ठरल्याशिवाय माणसावर संशय घ्यायचा नाही.

मला हे फार आवडलं होतं. इतकं की मी ते एका कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवलं होतं. आता काढून टाकलं आहे.

मग त्यांना खोकला लागला. आधी धुळीचा म्हणून अंगावर काढला. टेबलांखाली धूळ असतेच. मग वजन उतरलं, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. संध्याकाळी बारीक ताप यायचा. वहिनींनी हट्टाने सरकारी दवाखान्यात नेलं. छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली. टीबी निघाला.

डॉक्टरांनी सांगितलं, घाबरण्यासारखं नाही. सहा महिने गोळ्या, एकही चुकवायची नाही, पूर्ण बरे व्हाल. सुरुवातीचे काही आठवडे घरीच थांबा, मग तुमच्यापासून कुणाला लागण होणार नाही.

हे त्यांनी फक्त मला आणि वहिनींना माहीत असू दिलं. दुकानात सांगितलं, कावीळ झालीय. कारण साधं होतं. त्यांचं काम म्हणजे लोकांच्या घरात जाणं. कॉम्प्युटर बहुतेक घरांत झोपायच्या खोलीत असतो, नाहीतर मुलांच्या. "टीबीवाल्याला कोण पलंगाखाली शिरू देईल, पंडित?" ते म्हणाले. एकदा कळलं की दुकानदार कामावर ठेवणार नाही. ठेवलं तरी गिऱ्हाइकं घेणार नाहीत. आणि दुसरं काम त्यांना येत नव्हतं. सहा महिने तोंड मिटून गोळ्या घ्यायच्या आणि काम टिकवायचं, एवढंच ठरलं होतं. आम्ही तिघांनी ठरवलं होतं.

आठवडे भरले. थुंकी साफ आली. ते कामावर रुजू झाले. धुळीचं निमित्त सांगून तोंडाला फडकं बांधू लागले.

आणि त्याच सुमारास दुकानदारांनी वायरचा माल बदलला. नव्या ठिकाणाहून स्वस्तातली भेंडोळी आली.

इथे मला वायरीबद्दल थोडं सांगावं लागेल. या वायरच्या आत आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या पिळाने. नारिंगी आणि तिची पांढऱ्या पट्ट्याची जोडीदार, हिरवी आणि तिची, निळी आणि तिची, तपकिरी आणि तिची. त्या सोडवून, सरळ करून, ठरलेल्या क्रमाने चिमटीत धरायच्या, एका रेषेत कापायच्या, प्लगमध्ये सरकवायच्या आणि पक्कडीने दाबायच्या. दुसऱ्या टोकालाही तोच क्रम. दोन तारांची अदलाबदल झाली तर दिवा लागतच नाही, किंवा लागतो आणि जातो, किंवा सगळं बैलगाडीच्या वेगाने चालतं. दिवेभाऊ हे बोलता बोलता करत. बायका वेणी घालतात तसं.

नव्या वायरीला ते नावं ठेवू लागले. रंग फिके आहेत म्हणाले. हिरवं आणि तपकिरी एकाच हंड्यात बुडवल्यासारखं आहे. दुकानदारांकडे गेले. दुकानदार म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं. बाकीच्यांना दिसतात की रंग." तरी जुन्या माणसाचा मान म्हणून त्यांनी दुसरं भेंडोळं दिलं. तेही तसंच निघालं.

त्यांनी वायर निर्दोष धरली आणि पुढे गेले. आता त्यांचा संशय उजेडावर गेला. हल्ली घराघरांत पांढरे दिवे असतात, त्यात रंग मरतात, असं ते मला समजावून सांगत. पिवळ्या उजेडाची बॅटरी घेतली. एकदा वायर घेऊन खिडकीशी गेले. मग चष्मा. वयाचा परिणाम म्हणून रस्त्यावरच्या टोपलीतून जवळचं बघण्याचा चष्मा निवडला. अक्षरं मोठी झाली. रंग तसेच राहिले.

एका वेळी एकच गोष्ट ते बदलत होते. अगदी नियमाने.

मी हे आज ओळीने लिहितो आहे. तेव्हा ते असं ओळीने दिसत नव्हतं. मध्ये आठवडे जात होते. मध्ये विनोद होत होते. वहिनींनी एका रविवारी हसत सांगितलं की हे बाजारातून टोमॅटो घेऊन आले, सगळे हिरवेगार, आणि वर म्हणतात पिकलेले बघून आणलेत. दिवेभाऊही हसले. म्हणाले, भाजीवाल्याने फसवलं. मीही हसलो.

मग कामं परत येऊ लागली. त्यांच्या वीस वर्षांत असं झालं नव्हतं. आज जोडलेली वायर दोन दिवसांनी बंद. कुणाची व्हिडिओ मीटिंग अडकतेय, कुणाच्या मुलाचा ऑनलाइन पेपर मध्येच गेला. टेस्टर लावला की दिवे ओळीने लागत नसत, पाचव्यावरून आठव्यावर उडी मारत. चूक आहे हे टेस्टर सांगायचा. नेमक्या कोणत्या दोन तारा उलट्या बसल्या, हे डोळ्यांनी ओळखावं लागतं. ते प्लग कापत, परत करत. परत कापत. खिशात आता रंगीत तुकड्यांबरोबर कापलेले प्लगही असत. वहिनींनी खिसे उलटे केले की ते फरशीवर टकटक पडत.

पुढे ते दुकानातल्या तयार वायरी वापरू लागले, दोन्ही टोकांना प्लग बसवूनच आलेल्या. पूर्वी त्यांना ते तयार कपडे म्हणत. अंगाला बसत नाहीत म्हणून. मी त्यावरून चिडवलं तेव्हा त्यांनी विषय बदलला.

माझ्या घरी मी टेबल खिडकीकडे हलवलं तेव्हा वायर लांबवायला हवी होती. ते आले. दुपार होती, खोलीत भरपूर ऊन. टेबलाखाली बसून त्यांनी तारा सोडवल्या. मग त्यातली एक माझ्यासमोर धरली.

"पंडित, हा रंग कोणता?"

मी म्हणालो, हिरवा.

"आणि हा?"

"तपकिरी."

"नक्की?"

मला वाटलं, ते माझी फिरकी घेतायत. मी म्हणालो, शेवाळी म्हणा हवं तर, आम्हा साहित्यवाल्यांना शब्द बरेच असतात. ते हसले नाहीत. तारा डोळ्यांजवळ नेल्या, लांब धरल्या, मान तिरकी करून पाहिल्या. समोर धरलेली वस्तू डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतात तशा.

"रंग उडालेत यांचे," ते म्हणाले.

मी तार हातात घेतली. रंग उडालेले नव्हते. कच्च्या कैरीसारखा हिरवा होता. मी तसं सांगितलं. त्यांनी तार माझ्या हातातून घेतली आणि काम संपवलं. मी रंग सांगितले होते, म्हणून ते बरोबर झालं.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी ते सकाळीच माझ्या दाराशी आले. सायकलचं पुढचं चाक वाकलं होतं. कोपर सोललं होतं. चौकातल्या सिग्नलला त्यांना वाटलं, सुटला. टेम्पोवाल्याने कचकचून ब्रेक दाबला आणि आईवरून शिवी दिली. सिग्नल लाल होता. टेम्पोवाला म्हणाला, लाल दिसत नाही का?

ते आत आले नाहीत. उंबऱ्यातच उभे राहिले. चपला काढल्या नाहीत.

"भिंत झाली," ते म्हणाले. "वायर झाली. उजेड झाला, चष्मा झाला." मग म्हणाले, "आता माणूस उरला रे."

मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेलो. टीबीचे डॉक्टर तरुण होते, माझ्याहून थोडेच मोठे. त्यांनी ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. या गोळ्यांपैकी एक गोळी काही थोड्या लोकांच्या डोळ्यांच्या शिरेवर परिणाम करते. आधी रंग जातात, लाल आणि हिरवा. तेव्हाच कळलं तर ती गोळी बंद करून दुसरी देता येते, टीबीचा उपचार थांबत नाही आणि डोळे बहुधा सुधारतात. म्हणून तर दर महिन्याला विचारतो, ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "दर महिन्याला विचारलंय मी तुम्हाला. डोळ्यांचं काही? रंग दिसतात नीट? तुम्ही दर वेळी ठीक म्हणालात."

"हो," दिवेभाऊ म्हणाले.

"का?"

"तेव्हा माझा संशय वायरवर होता, डॉक्टर."

डॉक्टरांना हे समजलं नाही. त्यांना वाटलं, रुग्ण काहीतरी भलतंच बोलतोय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी समजावून सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबलो. सांगण्यासारखं फारसं नव्हतंच. जगातल्या बहुतेक माणसांना रंग दिसेनासे झाले असते तर त्यांनी डोळे चोळले असते. या माणसाने आधी भिंत तपासली.

मी अजून डॉक्टरांसमोरच्या त्या खुर्चीत बसलेलो आहे असं मला कधीकधी वाटतं. एवढं साधं होतं.

ती गोळी त्याच दिवशी बंद झाली. मोठ्या इस्पितळात डोळ्यांची तपासणी झाली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी खोटी आशा दाखवली नाही. काहींची नजर महिन्यांनी परत येते, म्हणाल्या. तुम्ही उशिरा आलात. वाट बघू.

वाट बघितली. नजर परत आली नाही. मधोमध एक धुरकट ठिपका राहिला. समोरच्या माणसाचा चेहरा त्यांना दिसत नसे, त्याचे कान दिसत. ते सांगायचे तसं. "तुझे कान मोठे आहेत रे पंडित, आधी लक्षात नव्हतं आलं." वहिनी शिवणमशीनवर मान खाली घालून बसायच्या. गोळ्यांचा कोर्स मात्र पुरा झाला. टीबी बरा झाला. तसा कागद दवाखान्याने दिला.

दुकानदारांना डोळ्यांचं तेवढं सांगितलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, आराम करा, बरं वाटलं की या. त्यांच्या जागी दुसरा माणूस घेतला. या नव्या माणसाकडे दिवेभाऊंची परत आलेली कामं गेली. त्याने ती पटापट उरकली. एकदा दुकानात सगळ्यांसमोर प्लग हातात धरून तो म्हणाला, "हे काय आंधळ्याने केलंय?" त्याला काही माहीत नव्हतं. हे दिवेभाऊंना कुणी सांगितलं ते मला ठाऊक नाही. पण कळलं.

आता ते इथे नाहीत. वहिनींचे भाऊ दुसऱ्या गावी असतात, त्यांनी एक खोली दिली. सामान एका टेम्पोत मावलं. शिवणमशीन शेवटी चढवलं. मी फोन करतो. वहिनी उचलतात. ते झोपलेत म्हणतात, दिवसाच्या कुठल्याही वेळी. एकदा त्यांनी स्वतः उचलला आणि "हॅलो" म्हणाले. मला आवाज ओळखायला वेळ लागला.

जाण्याआधीच्या आठवड्यातली एक गोष्ट राहिली.

परत आलेल्या कामांपैकी एक नव्या माणसाकडे गेलंच नव्हतं. त्या घरच्या बाई माहेरी गेल्या होत्या, बाळंतपणाला. घर बंद होतं. त्या परत आल्या आणि त्यांनी दुकानात न कळवता सरळ दिवेभाऊंना फोन केला. नंबर त्यांच्याकडे होता. नवा कॉम्प्युटर तुम्हीच जोडून दिला होता, चार दिवस चालला आणि बंद पडला, मला घरून काम सुरू करायचंय, सुट्टी संपतेय.

दिवेभाऊ मला म्हणाले, चल.

मी म्हणालो, दुकानाला सांगू, तो दुसरा करेल.

"माझी चूक आहे ती. मीच काढणार."

वहिनी उठल्या. त्यांनी पिशवी आणून त्यांच्या खांद्याला अडकवली.

तिसरा मजला. जिना ते कठड्याला हात लावून चढले. बाईंनी दार उघडलं. तीस-एक वर्षांच्या, थकलेल्या, कडेवर बाळ. बाळाने त्यांच्या ओढणीचं टोक तोंडात घातलं होतं. खोली स्वच्छ होती, वाळत घातलेल्या लंगोटांच्या दोऱ्या आडव्या गेल्या होत्या. त्यांखालून वाकून आम्ही टेबलापाशी गेलो.

दिवेभाऊ टेबलाखाली बसले. मी शेजारी गुडघ्यांवर. भिंत त्यांनी तपासली नाही. वायर तपासली नाही. सरळ प्लग चाचपला आणि पक्कडीने कापून टाकला. एकच टोक खराब आहे, म्हणाले, हेच मी चुकवलं होतं. नखाने कवच चिरलं. तारा सोडवल्या. मग एकेक तार माझ्यासमोर धरू लागले आणि मी हळू आवाजात रंग सांगू लागलो. पांढरी-नारिंगी. नारिंगी. पांढरी-हिरवी. त्यांची बोटं तशीच होती. मी सांगितलेली तार ते अंगठ्याखाली सरकवत आणि ती तिथे बसे.

बाई दारात उभ्या होत्या. बाळाला थोपटत होत्या. थोडा वेळ त्यांनी ऐकलं.

"यांना दिसत नाही का?" त्यांनी मला विचारलं. चौकशीच्या सुरात. वाईट हेतू नव्हता.

मी म्हणणार होतो की चष्मा विसरलेत. तोंडात आलंच होतं.

"रंग दिसत नाहीत, ताई," दिवेभाऊ म्हणाले. "म्हणून मागच्या वेळी चुकलं. टीबीच्या गोळ्यांनी डोळ्यांवर परिणाम झाला. तेव्हा माझ्या ध्यानात नाही आलं."

बाईंचा थोपटणारा हात थांबला.

"टीबी?"

"बरा झालाय आता. कागद आहे."

"मागच्या वेळी आलात तेव्हा होता?"

"तेव्हा गोळ्या चालू होत्या. लागण होण्यासारखं नव्हतं, ताई. डॉक्टरांनी सांगितलं होतं."

बाई आतल्या खोलीत गेल्या. बाळाला आत ठेवलं असावं. परत आल्या तेव्हा हात मोकळे होते आणि ओढणी तोंडावर धरलेली होती. त्या ओरडल्या नाहीत. मागच्या वेळी मी पोटुशी होते, म्हणाल्या. तुम्ही इथे दोन तास बसला होता. मी समोरच होते. एवढं म्हणून त्या रडू लागल्या. मी म्हणालो, बाई, खरंच धोका नाही, डॉक्टरांना फोन लावून देतो. त्यांनी मान हलवली. त्यांना खोटं वाटत होतं असं नाही. त्यांना आम्ही घरात नको होतो.

"तुम्ही जा," त्या म्हणाल्या. "राहू दे ते. बाळ लहान आहे हो माझं."

"बरोबर आहे," दिवेभाऊ म्हणाले.

त्यांच्या डाव्या हाताच्या चिमटीत तेव्हा सगळ्या आठ तारा होत्या. सरळ केलेल्या, एका रेषेत कापलेल्या. मी शेवटची सांगितली होती, तपकिरी. क्रम बरोबर होता, मी दोनदा पाहिला होता. नवा प्लग त्यांच्या उजव्या हातात होता. तारा त्यात सरकवायच्या आणि पक्कड एकदा दाबायची.

त्यांनी चिमटी सोडली. तारा थोड्या फाकल्या. त्यांनी वायर फरशीवर ठेवली, पायात येऊ नये अशी, भिंतीच्या कडेने.